हातभर अंतर

दाऊदचाचा सोलकर बोटीवर भंडारी होते,
म्हणजे स्वैपाकी. जात नव्हे, हे ते दर वेळी सांगतात.
सव्वीस वर्षं कढईपुढे,
आणि जागा एवढी अरुंद
की दोघांना एकाच वेळी रागावता येत नसे.
तिथंच लिओंग नावाच्या चिनी सोबत्यानं
भात शिजेस्तोवर त्यांना विंग चुन शिकवलं.

आता हर्णैला, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात
ते शिकवतात आम्हां पाचजणींना
आणि पोस्टातल्या एका कारकुनाला.
भिंतींना अजून अमोनियाचा वास.
मधोमध लाकडी माणूस,
फुटक्या होडीच्या सागाचा, तीन हात, एक पाय,
डोकं नाही.
"नाही तेच बरं," चाचा म्हणतात,
"तोंड बघून मारायची सवय लागत नाही."

पहिले चार महिने एकही ठोसा नाही.
नुसतं उभं राहणं. गुडघे किंचित आत,
होडी हलताना डोक्यावरची टोपली सांभाळावी तसं.
मग कोपर. कोपर खाली, कोपर आत.
गळ्यापासून बेंबीपर्यंत एक रेघ असते म्हणे,
ती आपली राखायची, समोरच्याची शोधायची,
बाकी अंग ज्याचं त्याला.

धावत येऊन मारणाऱ्याला मैदान लागतं.
आम्हांला कुठलं मैदान?
लिलावाच्या वेळी वाळूवर
सुरमईच्या ढिगापासून व्यापाऱ्याच्या पोटापर्यंत
वीतभर जागा उरते.
हिला वीत पुरते.
ही हात मागे नेत नाही;
बांगडा साफ करताना सुरी कुणी खांद्यामागून आणतं?

आणि चिकटते हात.
मनगटाला मनगट लावून डोळे मिटायचे, फिरवत राहायचं.
जात्यासारखं नाही, जात्याचं जाणं ठरलेलं असतं.
गळाच्या दोरीसारखं:
खाली काय लागलंय ते आधी बोटाला कळतं,
डोक्याला मागाहून.
ढकलेल तर वाट दे, सोडेल तर पुढं हो.

"आणि दहाजण आले तर?"
"चपला हातात घे आणि पळ."

खरं सांगते, मी आले होते
त्या दलालाच्या माणसासाठी,
ज्यानं शिमग्याच्या आदल्या दिवशी माझं मनगट धरून
टोपलीचा भाव पाडला.
सागाच्या त्या बिनडोक्याला मी रोज त्याचं डोकं बसवलं.
तो रत्नागिरीला निघून गेला.
माझे ठोसे माझ्याकडंच राहिले.

मग बाबांना अर्धांग झालं.
तांडेल होते. उजवा हात मेला,
डावा सगळ्यांवर चिडलेला.
पेजेची वाटी दोनदा भिंतीवर.
भाऊ तो हात धरून ठेवायचा, घट्ट,
तसे बाबा आणखी ताठ,
खडकात अडकलेल्या नांगरासारखे.

तिसऱ्या दिवशी मी वाटी खाली ठेवली
आणि मनगट त्यांच्या मनगटाला लावलं.
ढकललं त्यांनी. मी वाट दिली.
ओढलं, गेले.
कोपर खाली, कोपर आत.
त्यांच्या हाताला भांडायला कुणी सापडेना.
बंदरात कुणाचं तरी इंजिन सुरू झालं, घरघरलं, बंद पडलं,
आम्ही आपले फिरतोय.
एका वळणावर तो हात
माझ्या हातावर नुसताच राहिला,
जड, मऊ, खारवलेला,
आणि मधल्या रेघेतून
चमचा सरळ आत गेला.

चाचांना सांगितलं तेव्हा
ते बिडी पेटवता पेटवता थांबले.
"लिओंग ह्ये बोलला नव्हता," म्हणाले,
आणि लाकडी माणसाचा ढिला झालेला हात
पाचर ठोकून बसवू लागले.